डोक्यात दोन हप्ते, खात्यात तीन

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गाड्यांच्या जाहिराती रोज येतात. त्यात हप्त्याचा आकडा ठळक अक्षरांत असतो आणि कर्ज किती झटपट मिळतं तेही असतं. तो हप्ता एखाद्या महिन्यात चुकला, तर दुसऱ्या दिवसापासून कर्जखात्यात नेमकं काय घडायला लागतं, हे मात्र मला कुठेच वाचायला मिळालं नाही. ते मी सात महिने सोसून शिकले. माझ्यासारख्या आणखी कुणावर ही वेळ आलेली असेल, तर त्यांना ते आधी कळावं म्हणून हे पत्र.

मी एका खासगी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. आम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी घेतली. पगाराची स्लिप माझी, म्हणून कर्ज माझ्या नावावर. एका वित्त कंपनीकडून ५,६०,००० रुपये, साडेदहा टक्के व्याज, ६० हप्ते, दरमहा १२,०३७ रुपये. जामीनदार म्हणून माझ्या मोठ्या भावाने सही केली. मिस्टर एका औषध वितरकाकडे विक्रीचं काम करायचे, त्यासाठी तालुक्या-तालुक्यांत फिरणं होतं, आणि गाडी घेतली ती मुख्यतः त्यासाठीच. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून आपोआप कापला जायचा. माझा पगार ७ तारखेला होतो, त्यामुळे मिस्टर त्यांच्या कमिशनमधून ४ तारखेपर्यंत पैसे माझ्या खात्यात टाकायचे. असे १७ हप्ते बिनबोभाट गेले.

जुलै २०२४ मध्ये त्या वितरकाने धंदा गुंडाळला. ऑगस्टच्या ५ तारखेला खात्यात पुरेसे पैसे नव्हते आणि हप्ता परत गेला. मी घाबरले, पण फार नाही. सप्टेंबरमध्ये पगार झाल्यावर ९ तारखेला १२,०३७ रुपये कंपनीच्या ॲपवरून भरून टाकले आणि सप्टेंबरचा हप्ता भरला असं समजले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तिन्ही महिने तेच केलं. ५ तारखेला हप्ता बाउन्स व्हायचा आणि पगार झाला की मी हाताने भरायची. महिन्याला एक हप्ता जातोय म्हटल्यावर मागे फक्त ऑगस्टचा एक राहिलाय, तो कधीतरी भरू, असं मी मनाशी धरून चालले होते.

माझी खरी चूक इथे झाली. कर्जखात्यात आलेला पैसा चालू महिन्यात जमा होत नाही, तो सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यात जमा होतो. सप्टेंबरमध्ये मी भरलेले पैसे ऑगस्टच्या हप्त्यात गेले आणि सप्टेंबरचा थकला. ऑक्टोबरचे पैसे सप्टेंबरच्या हप्त्यात गेले आणि ऑक्टोबरचा थकला. दर महिन्याला हप्ता भरत असूनही माझं खातं एकाही महिनाअखेरीला नियमित नव्हतं. शिवाय प्रत्येक ५ तारखेला बाउन्स, म्हणजे प्रत्येक वेळी कंपनीचे ५०० आणि माझ्या बँकेचे ५९० रुपये. माझ्या बँकेचे ५९० तर खात्यात पैसे आले की परस्पर वजा व्हायचे, ते माझ्या लक्षातही यायचं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मिस्टरांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. जानेवारीत आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मी कर्जात एक रुपयाही भरू शकले नाही. ऑगस्टचा तो मागचा सोडला, तर माझ्या हिशेबाने दोनच महिने चुकले होते. कंपनीच्या वहीत मात्र डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी असे तीन हप्ते थकले होते, आणि त्यातला जुना ५ डिसेंबरचा होता.

तारखेला इतकं महत्त्व का, तेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे हप्ता थकला की त्या दिवसापासून दिवस मोजले जातात. ३० दिवसांपर्यंत एक गट, ६० पर्यंत दुसरा, ९० पर्यंत तिसरा, आणि ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए होतं. मोजणी सर्वांत जुन्या थकलेल्या रकमेपासून होते. माझे ९० दिवस ५ मार्चला भरत होते. मी मात्र जानेवारीपासून मोजत होते, म्हणजे एप्रिलपर्यंत वेळ आहे असं समजत होते. एकदा एनपीए झालं की एखाददुसरा हप्ता भरून भागत नाही. व्याज आणि मुद्दल मिळून झालेली सगळी थकबाकी भरेपर्यंत खातं नियमित धरलं जात नाही, हेही रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन हप्त्यांची सोय करणं आणि सगळी थकबाकी एकदम उभी करणं यात आमच्यासारख्या घराला किती फरक पडतो, ते वेगळं सांगायला नको.

१२ फेब्रुवारीला संध्याकाळी पावणेआठ वाजता दादाला वसुली एजंटचा फोन गेला. "तुमच्या बहिणीने तीन हप्ते बुडवलेत, गाडी उचलणार आहोत, नाहीतर तुम्ही भरा." दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलंच नव्हतं. सहा महिने मी प्रत्येक रविवारी त्याच्याशी बोलत होते, मिस्टरांच्या गुडघ्याविषयी बोलत होते, आणि हप्त्याविषयी गप्प राहत होते. त्याने मला लगेच फोन केला. रागावला नाही. फक्त म्हणाला, "मला परक्याकडून कळायला नको होतं गं." संपादक महोदय, पुढे जे काही झालं त्यात या वाक्याइतकं मला काहीच लागलं नाही.

जामीनदाराला कंपनीने विचारलं यात गैर काही नव्हतं. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. १८७२ च्या करार कायद्यात ते लिहिलेलं आहे आणि दादाने सही करताना ते मान्य केलं होतं. त्याला पहिल्या बाउन्सच्या दिवशी सांगणं हे माझं काम होतं. ज्यांनी ज्यांनी कुणाला जामीन ठेवलं आहे, त्यांनी घरातल्या माणसांच्याही आधी त्या माणसाला सांगावं असं मी हात जोडून म्हणेन.

पण फोनची वेळ गैर होती. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, कर्जदाराला चारचौघांत अपमानित करू नये, त्याच्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या खासगीपणात घुसू नये, असं रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. आणि दुसऱ्या दिवशी जे झालं ते तर कुठल्याच वेळेला चाललं नसतं. एजंटने रुग्णालयाच्या रिसेप्शनवर फोन केला आणि तिथल्या मुलीला माझं नाव, थकलेली रक्कम, सगळं सांगितलं. ती बिचारी माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक फोन होता." माझ्या हातात रक्ताचे नमुने होते. मी त्या दिवशी प्रत्येक नळीवरचं लेबल दोन-दोनदा तपासलं, कारण मला माझ्याच हातांची खात्री वाटेना.

संध्याकाळी मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, ५२,००० रुपये रोख द्या, उद्या माणूस पाठवतो. मी विचारलं, ५२,००० कसे? म्हणाला, हप्ते, बाउन्स, पेनल्टी, व्हिजिट चार्ज, सगळं धरून. दादा २०,००० रुपये रोख घेऊन निघालाच होता, मी त्याला थांबवलं. आमच्या प्रयोगशाळेत लेखी मागणी आल्याशिवाय आम्ही नमुना हातात घेत नाही. तीच सवय कामाला आली. मी म्हटलं, खातेउतारा पाठवा, मग बोलू.

उतारा एजंटकडून आलाच नाही. १४ तारखेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीच्या शाखेत गेले आणि तिथे मागितला. तिथल्या अधिकारी बाईंनी पाच मिनिटांत छापून दिला. तीन हप्त्यांचे ३६,१११ रुपये. सात बाउन्सचे ३,५००. दंड-शुल्क २,०६०. एकूण ४१,६७१. फोनवरच्या आकड्यापेक्षा १०,३२९ रुपये कमी. व्हिजिट चार्ज नावाची ओळच त्यात नव्हती. तो कागद हातात घेऊन मी शाखेतल्या बाकावर बसले आणि पहिल्यांदा 'जमा' या रकान्यातल्या तारखा नीट वाचल्या. सप्टेंबरचे पैसे ऑगस्टमध्ये, ऑक्टोबरचे सप्टेंबरमध्ये गेल्याचं तिथे दिसलं. हा कागद सप्टेंबरमध्येच मागितला असता तर एक हप्ता उसना घेऊन मी ही साखळी तिथेच तोडली असती. त्याऐवजी सात बाउन्सपायी, माझ्या बँकेचे धरून, ७,६३० रुपये गेले.

दंड-शुल्काविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यात अनेकांची फसगत होते. माझ्या करारात 'दरमहा २ टक्के दंडव्याज' असा शब्द होता. आता कर्जदात्यांना दंड व्याजदरात मिसळून लावता येत नाही. तो शुल्क म्हणून वेगळा दाखवावा लागतो आणि मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १८ ऑगस्ट २०२३ चा आहे. नव्या कर्जांना तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांनाही ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचा होता. म्हणून उताऱ्यात दंडाची ओळ वेगळी दिसते का आणि ती पुढच्या महिन्यात मुद्दलात जाऊन बसली आहे का, एवढं प्रत्येकाने बघावं. माझ्या उताऱ्यात ती वेगळी होती.

त्याच बाकावर बसून मी कराराची प्रत वाचली. तीही त्या दिवशीच मागून घेतली, दोन वर्षं माझ्याकडे ती नव्हतीच. ४० पानं इंग्रजी. गाडी ताब्यात घेण्याचं कलम आमच्या करारात होतं, आणि त्याआधी ७ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागेल असंही त्यात होतं. वित्त कंपन्यांच्या करारात नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची रीत, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत हे सगळं लिहिलेलं असावं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मला तोपर्यंत एकही नोटीस आलेली नव्हती. म्हणजे "उद्या गाडी उचलतो" ही नुसती धमकी होती. पण धमकी होती म्हणून मी निश्चिंत झाले असते तर तेही चुकलं असतं. आरसी बुकात कंपनीच्या नावाचा बोजा आहे, हप्ते थकल्यावर ताबा घेण्याचा हक्क करारातून तिला मिळतो, आणि करारात तशी तरतूद असेल तर न्यायालयांनीही तो हक्क मान्य केला आहे. मात्र दंडेलीने नाही. २००७ मध्ये वाहनकर्जाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुंड पाठवून वसुली करण्याच्या प्रथेवर कडक शब्दांत ताशेरे ओढले होते. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडमधल्या हजारीबागला ट्रॅक्टर ओढून नेताना एका शेतकऱ्याची गर्भवती मुलगी चाकाखाली गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या वित्त कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करायला काही काळ मनाई केली. अशी बातमी आपण दोन दिवस वाचतो आणि विसरतो. एजंटचा आवाज आपल्या फोनवर येतो तेव्हा ती आठवते.

१७ फेब्रुवारीला मी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली. अर्ज मराठीत, हाताने लिहिलेला, दीड पानांचा. नोकरी चालू आहे, मिस्टरांचं काम थांबलं आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, हे कागदांसह लिहिलं. एक हप्ता आज भरते, दुसरा २८ फेब्रुवारीला भरते, हे लिहिलं. भरलेली रक्कम आधी हप्त्यांत जमा करावी, शुल्कात नको, हेही मुद्दाम लिहिलं, कारण पैसे शुल्कात गेले असते तर हप्ता अपुरा राहिला असता आणि दिवस मोजणं चालूच राहिलं असतं. हप्त्याची तारीख ५ वरून १० करावी आणि बाउन्सच्या शुल्कात सवलत द्यावी, अशा दोन विनंत्या केल्या.

पहिला हप्ता माझी आवर्ती ठेव मोडून भरला. दुसऱ्याचे पैसे दादाने दिले, अर्थात कंपनीच्या खात्यात, पावती घेऊन. ५ मार्चला सर्वांत जुनी थकबाकी फेब्रुवारीची, २८ दिवसांची होती. एनपीए टळलं. कंपनीने तारीख १० केली आणि ३,५०० पैकी २,००० रुपये माफ केले. दंड-शुल्क माफ केलं नाही. उरले १५,५९७. ते मार्चपासून सहा महिने, हप्त्याबरोबर दरमहा २,६०० भरून फेडायचं ठरलं, आणि तसं ई-मेलवर लिहून आलं. मधल्या काळात आणखी थोडं दंड-शुल्क लागलं, तेही भरलं. ऑगस्ट २०२५ अखेर खातं नियमित झालं. मार्चपासून आजवर एकही बाउन्स नाही. पाच दिवस तारीख पुढे सरकवणं इतकं सोपं होतं, आणि ते मी सहा महिने मागितलं नव्हतं. कुणी मला विचारलंही नव्हतं.

पत माहिती अहवालात मात्र डाग राहिला आहे. हा अहवाल प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. माझा बघितला तेव्हा महिन्यामहिन्याच्या चौकटीत किती दिवस उशीर झाला ते आकडे ओळीने उभे होते. मी पैसे भरले होते त्या महिन्यांतही. गेल्या ३६ महिन्यांचा हा हिशेब तिथे दिसत राहतो, म्हणजे पुढची काही वर्षं माझ्या कुठल्याही कर्जाच्या अर्जासोबत तो जाणार आहे.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं याहून वाईट झालं. त्यांना वाटलं, गाडी घेऊन गेले तर जाऊ दे, कर्ज तर संपेल. गाडी गेली तेव्हा कर्ज ३,१०,००० बाकी होतं. लिलावात २,०५,००० आले. उरलेले १,०५,००० आणि वर यार्डचं भाडं यांची नोटीस त्यांना तीन महिन्यांनी आली. हा गैरसमज फार घरांत आहे. गाडी गेल्याने कर्ज संपत नाही, तिच्या विक्रीतून आलेली रक्कम फक्त वजा होते, आणि लिलावात किंमत कमीच येते. हप्ता खरोखरच झेपत नसेल तर कंपनीला सांगून, तिच्या संमतीने, आपणच गिऱ्हाईक शोधून गाडी विकावी. त्यात हातात जास्त पडतं. गाडी द्यावीच लागली तर आतल्या वस्तूंची यादी करून सही घ्यावी. या गृहस्थांच्या मुलीचे शाळेचे दाखले डिकीत होते, ते शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

आणखी एक वाट लोक सुचवतात, मलाही सुचवली गेली: 'चालू हप्त्यावर' गाडी दुसऱ्याला द्यायची, नोटरी करायची, हप्ते तो भरेल. कृपा करून हे कुणी करू नये. कंपनीची संमती नाही, आरसीवर नाव आपलंच. त्याने हप्ते थकवले तर फोन आपल्याला. त्याने अपघात केला तर नोंदणीकृत मालक म्हणून भरपाईची जबाबदारीही आपल्यावर येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे. गाडी पुढे तीन हातांतून गेलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तो कायद्याने मालक.

एजंट पोलिसांचंही नाव घेतात. नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही. पण आपोआप कापला जाणारा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला, तर धनादेश न वटण्यासारखीच तक्रार न्यायालयात होऊ शकते. २००७ च्या एका कायद्यात तशी तरतूद आहे आणि तिच्यात शिक्षाही आहे. आधी मागणीची नोटीस येते आणि पैसे भरायला १५ दिवस मिळतात. म्हणून फोनवरच्या धमकीने हबकून जाऊ नये आणि टपालाने आलेली नोटीस उघडल्याशिवाय ठेवू नये. मी स्वतः त्या काळात दोन पाकिटं तशीच कपाटात टाकली होती. त्यात नोटीस नव्हती, हे माझं नशीब.

रिसेप्शनवरच्या फोनची तक्रार मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी केली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मला २६ व्या दिवशी दिलगिरीचं पत्र आलं आणि एजंट बदलल्याचं कळवलं गेलं. लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. ते पत्र मी रिसेप्शनवरच्या मुलीला दाखवलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही, पण दाखवावंसं वाटलं.

आता माझी मागणी, जिच्यासाठी हे सारं लिहिलं. कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार त्याच्या भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा, असं वित्त कंपन्यांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेत आहे. मला त्या सात महिन्यांत ३० च्या वर संदेश आले. सगळे इंग्रजीत, आणि सगळ्यांचा मजकूर एकच: तुमची रक्कम थकली आहे, ताबडतोब भरा, नाहीतर पतमानांकनावर परिणाम होईल. माझे पैसे कुठल्या महिन्यात जमा झाले, सर्वांत जुना हप्ता कुठल्या तारखेचा आहे, आज कितवा दिवस आहे, हे एकाही संदेशात नव्हतं. कंपनीच्या संगणकात हे तिन्ही आकडे दररोज तयार असतात, त्यांच्यावरच तर एजंट पाठवायचा की नाही ते ठरतं. तेच तीन आकडे पैसे भरल्याच्या पावतीवर, मराठीत, का छापले जात नाहीत? 'आपले १२,०३७ रुपये ऑगस्टच्या हप्त्यात जमा झाले. सप्टेंबरचा हप्ता बाकी आहे.' ९ सप्टेंबर २०२४ ला एवढ्या दोन ओळी मला आल्या असत्या, तर दादाला तो फोन गेला नसता.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. गाडीकर्जाच्या जाहिराती ज्या पानावर छापता, त्याच पानावर महिन्यातून एकदा हप्ता चुकल्यावर काय करायचं याची छोटी चौकट द्यावी. त्या चौकटीसाठी माझा उतारा, माझा अर्ज आणि कंपनीचं उत्तर, नावं झाकून, मी आपल्याला द्यायला तयार आहे. तिन्ही कागद माझ्या फायलीत आहेत.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)